डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. माझ्या पानांवर डावीकडे लॅटिन शब्द आणि उजवीकडे त्यांचे इंग्रजी अर्थ आहेत. शेवटी थोडी वचनेही आहेत. छापखान्यातून निघालो तेव्हा माझी पाठ निळ्या कापडाची होती. अशा दिमाखात मी लॅटिन शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या घरी आलो.

मास्तर मला रोज वर्गात नेत. मुले त्यांच्यामागून शब्द घोकत. हा माझा उजवा हात, असे ते माझ्याविषयी सांगत आणि मी फुशारून जाई. पुढे ते निवृत्त झाले आणि मला कुणी विचारेनासे झाले. त्यांची बायको शिवणकाम करी. बाईंनी मला मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवले. मशीन चालले की माझी हाडे खिळखिळी होत.

एके दिवशी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. ते इस्पितळातून घरी परतले, पण वाचा गेली होती. बाई त्यांच्याशी सारखे बोलत आणि मास्तर नुसते बघत राहत.

मग एका दुपारी ते म्हणाले, "अक्वा."

बाईंना काही कळेना. त्यांनी पांघरूण आणले, उशी सारखी केली, खिडकी उघडली. मास्तर नाही नाही अशी मान हलवत होते. शेवटी बाईंनी मला बाहेर ओढले, धूळ झटकली आणि पहिल्या पानापासून एकेक शब्द अडखळत वाचायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने एका ओळीला मास्तरांनी हात उचलला. अक्वा, वॉटर.

"पाणी होय," बाई म्हणाल्या. पाणी आणण्याआधी त्यांच्याच डोळ्यांना पाणी आले.

डॉक्टरांनी सांगितले की, जन्मभर घोकलेले शब्द खोल रुजलेले असतात, कधीकधी तेच आधी वर येतात. मग काय, घरात शाळाच भरली. बाई माझ्यातले दोन्ही शब्द वाचत आणि वर मराठी जोडत. पोर्ता, डोअर, दार. पानिस, ब्रेड, पाव. मास्तर चुकले की बाई डोळे वटारत आणि मग दोघेही हसत सुटत.

एकदा मास्तरांच्या हातून बाईंचा आवडता कप फुटला. "मेआ कुल्पा," ते पुटपुटले.

हे वचन बाईंना आता पाठ होते. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मराठीत सांगा."

मास्तरांनी ओठ जुळवले, थांबले, पुन्हा जुळवले. "चूक... माझी."

कुणाच्या मागून न म्हणता आलेले ते त्यांचे पहिले मराठी बोल. काचा तशाच टाकून बाईंनी मुलीला फोन लावला. बाबा बोलायला लागले, असे सांगितले. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच चूक कबूल केली, हेही सांगितले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

बाईंनी मला नवी बांधणी करून आणली आहे. एखाद्या अर्थावरून दोघांचे वाजते, तेव्हा मी मजेत ऐकतो.

मित्रांनो, आम्हां जुन्या पुस्तकांची धूळ पुसा, उसवलेली पाने शिवून घ्या. आणि अधूनमधून आम्हांला मोठ्याने वाचा. शब्द आमच्या पोटात असले, तरी आवाज तुमचाच लागतो.