दहा दिवस औषधाविना

दहाव्या दिवशी सकाळी ताईंनी स्वतःचाच हात पकडला. लाल टोपणाची नळी उघडून तो फ्लास्कपाशी पोचलाही होता. नळीत जंतू मारणारं औषध, आणि या चाचणीत त्याचा थेंबही पडायचा नव्हता.

चाचणी तेवढ्याचीच होती. आजवर प्रयोगशाळेत जंतूंना परका जनुक डीएनएच्या सुट्या कड्यावर चढवून देत. काही पिढ्या गेल्या की जंतू ते ओझं टाकून मोकळे. म्हणून औषधाचा धाक: औषधाला तोंड द्यायची ताकदही त्याच कड्यावर, तेव्हा कडं सांभाळील तोच जगेल. अकरा वर्षं ताई रोज औषध घालत आल्या होत्या. यंदा विभागप्रमुख बाईंनी जनुक त्या ताकदीसकट जंतूच्या मूळ गुणसूत्रातच शिवून टाकला. धाकाशिवाय तो टिकला, तर उद्या जंतू कारखान्याच्या टाकीत आणि कंत्राटी ताई कायम.

ताईंनी फ्रीजरमधला औषधाच्या नळ्यांचा खोका काढला. चाचणीच्या आदल्या दिवशी त्यांनीच भरलेला, दुसरं कुणी शिवत नव्हतं. हातातल्या नळीची सोडून नऊ खाचा रिकाम्या. म्हणजे नऊही दिवस रोज एक नळी फ्लास्कमध्ये गेली होती.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "झालीस का गं कायम? आपल्या वरच्या मजल्यावरच्यांना मी कालच सांगून टाकलंय."

"आई, जरा थांबा ना."

"मी थांबेन गं. त्यांची तोंडं कोण थांबवणार?"

नऊ दिवसांचा अहवाल बाईंच्या टेबलावर गेलाच होता. सही तेवढी बाकी. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं, निदान टाकी वाया जाईपर्यंत. ताई बाईंच्या खोलीत गेल्या.

"बाई, सही करू नका."

"का? शंभरातल्या शंभर जंतूंत जनुक टिकलाय की."

"टिकणारच. रोज औषध घातलंय मी. सवयीनं. मला पत्ताच नाही."

बाईंनी चष्मा काढला. "नऊही दिवस?"

"नऊही."

"कारखान्याला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

"नाव घालून टाकी चालत नाही, ताई." बाईंनी कारखान्याला फोन लावला, आणखी दहा दिवस मागून घेतले, पलीकडचं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या कायमचं आता माझ्या हातात राहिलं नाही. वर बोलून बघते. तो औषधाचा खोका माझ्या कपाटात आणून ठेवा. आणि नव्यानं सुरू करा."

ताईंनी गोठवून ठेवलेले मूळ जंतू काढले, नव्या फ्लास्कमध्ये सोडले, वर 'दिवस पहिला' लिहिलं. फ्लास्क हलू लागला. आतल्यांना आता कुणाचा धाक नव्हता. जनुक ठेवायचा की टाकायचा, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं.