फोटोतल्यासारखं वाकडं

फोटोसाठी दारामागे टांगलेली पांढरी चादर. इस्त्री केलेली, तरी मधोमध एक घडी हट्टाने उभी.

स्टिकर चालणार नाही. लोंबतं लेबल चालणार नाही. संगणकावर काढलेलं चित्र तर मुळीच नाही.

मेण लावलेल्या लाल दोऱ्याचं रीळ, टोक दातांनी तोडलेलं.

एका अनोळखी बाईने लिहिलेलं: "दोन्ही चपला डाव्या पायाच्या आल्या. आभारी आहे. माझे पाय तसे नाहीत."

बर्फाच्या वाटीत बुडवलेलं एक गोरं बोट.

ज्याच्या हाताची खूण, त्याचं नाव.

हे सगळं एकाच खोलीतलं. खाली टायरवाल्याचं दुकान, वर ही लांबट खोली, आणि खोलीत दोन भाऊ, दोन जावा आणि घरात घालायच्या लोकरीच्या चपलांचा ढीग. थोरला भाऊ कापायचा. त्याची बायको, म्हणजे थोरली, शिवायची. धाकटा भाऊ, तिचा दीर, इंटरनेटच्या बाजारात माल मांडायचा आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा. त्याची बायको धाकटी, ती खोकी भरायची, पत्ते चिकटवायची आणि दिवसभर बोलून उरलेल्या तिघांना जागं ठेवायची.

धंदा बरा चालला होता. मग कुणीतरी त्यांचेच फोटो उचलले आणि त्यांच्याच पानावर आपला रद्दी माल विकायला बसलं. माल चोरट्यांचा, शिव्या यांना. डाव्या पायांची बाई त्यातलीच. दिराने बाजाराच्या लोकांकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की आधी तुमच्या मालाला नाव आहे हे सिद्ध करा. नाव नोंदवा, मालकाचं नाव कळवा, आणि ते नाव मालावर कायमचं उमटलेलं दिसेल असा खऱ्या वस्तूचा फोटो पाठवा. मग कुठला माल नकली, हे तुम्हीच सांगा आणि आम्ही तो हटवू.

नाव थोरलीने सुचवलं. पायरव. सुचवलं आणि वर एक मागणी केली. या घरात आल्यापासून तिने काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे थोरल्याची कात्री थांबली. ती म्हणाली, "भाऊजी, मालक म्हणून तुमच्या शेजारी माझं नाव घाला."

कारण तिला माहीत होतं. गिऱ्हाइकं कौतुकाने लिहायची ते 'सर, तुमच्या चपला फार छान' असं लिहायची, आणि सर म्हणजे दीर. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

दीर तसा वाईट माणूस नव्हता. तो लगेच हो म्हणाला. "अहो वहिनी, विचारायचं काय त्यात? ज्याच्या हाताची खूण, त्याचं नाव."

फोटो पहिला. करड्या लोकरीची चप्पल, टाचेपाशी करड्याच दोऱ्याने शिवलेलं नाव. बघायला गेलं तर दिसतं, नाही गेलं तर नाही.

थोरलीला ते तसंच आवडलं होतं, अंगावर न येणारं. नामंजूर. कळवलं होतं की नाव दिसत नाही. धाकटी म्हणाली, ताई, तुमच्यासारखंच झालं की हे, आहे पण दिसत नाही. सगळे हसले. थोरलीही हसली, जरा उशिरा.

फोटो दुसरा. तीच चप्पल, आता लाल दोरा. चारही अक्षरं एका उंचीची, टाका टाक्याला खेटून, कुठे गाठ नाही, कुठे ताण नाही.

हे तिने जीव ओतून केलं होतं. शिवताना तिने रेडिओ बंद करायला लावला, धाकटीला गप्प बसवलं, आणि दोरा दर वेळी नव्याने मेणातून ओढून घेतला. झाल्यावर चप्पल उजेडात धरून ती इतका वेळ बघत राहिली की थोरला म्हणाला, बाई, आता तिची दृष्ट काढतेस का?

नामंजूर. कळवलं होतं की हे नाव फोटोवर नंतर संगणकाने चिकटवलेलं वाटतं. खऱ्या वस्तूचा फोटो पाठवावा.

दिराने ते मोठ्याने वाचलं आणि कपाळाला हात लावला. थोरला खो खो हसत सुटला. त्याला वाटलं बायको खूश होईल, याहून मोठी शाबासकी काय असणार. ती खूश झाली नाही. तिने चप्पल उलटी करून आतली बाजू पाहिली, जिथे दोऱ्याची खरी वाट दिसते, आणि विचारलं की हा आतला फोटो पाठवला तर चालेल का. दीर म्हणाला की आतला त्यांना नको असतो.

फोटो तिसरा. चप्पल हातात धरलेली. हात थोरलीचा, तर्जनीला दाभणाने पडलेले घट्टे.

हात दिसला की खोटं म्हणायची सोय उरणार नाही, असा दिराचा हिशेब. तोही चुकला. या वेळी उत्तर त्रोटक होतं. नाव चिकटवलेलंच वाटतं, आणि आणखी एकदा असा फोटो आला तर अर्ज बंद होईल. दरम्यान त्यांच्या पानावर शिव्यांची भर पडतच होती. नवी मागणी निम्म्यावर आली होती आणि थोरल्याने लोकरीचा नवा तागा आणणं थांबवलं होतं.

मग दीर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. पण जरा वाकडं शिवता का?"

तिने प्रयत्न केला. खरंच केला. पण हात ऐकेना. पहिलं अक्षर डावीकडे कललं तर दुसरं बरोबर तेवढंच उजवीकडे कलायचं. वाकडेपणाही मोजूनमापून यायचा, नक्षी केल्यासारखा. थोरला म्हणाला, हिला बिघडवायला कुणी लवकर भेटायला हवं होतं. थोरलीने ती चप्पल उसवली आणि दोरा दातांनी तोडून बाजूला टाकला.

धाकटीने सुई उचलली ती गंमत म्हणून. कानाला फोन, पलीकडे तिची बहीण, आणि बहिणीच्या नवऱ्याच्या घोरण्यावरून हसता हसता ती शिवत होती. पहिलं अक्षर जाडं, दुसरं रोडकं. तिसऱ्याला सुई बोटात गेली आणि ती किंचाळली, पण फोन ठेवला नाही. चौथं ओळीतून खाली घसरलं, पायरी चुकलेल्या माणसासारखं.

फोटो चौथा. वाकडी लाल अक्षरं, आणि चप्पल धरलेला एक गोरा, गुळगुळीत हात. बोटाला पट्टी.

सकाळी पाठवला. दुपारच्या चहाला दीर जिन्यावरूनच ओरडत आला. मंजूर. नोंदणी झाली. पेढे असते तर वाटले असते, नव्हते म्हणून त्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली. धाकटीने बर्फाच्या वाटीतून बोट काढलं आणि टाळी द्यायला पुढे केलं.

थोरलीने बिस्किट हातातच ठेवलं आणि विचारलं, मालकांत नावं कुणाची गेली. खालचा टायरवाला हातोडा आपटत होता.

"वहिनी, ते विचारतात, फोटोतला माल कुणी केला," दीर म्हणाला. "खूण हिची. हातही हिचाच. खोटं कसं लिहू मी?"

थोरलीने थोरल्याकडे पाहिलं. तो कात्रीला धार लावत होता. कात्रीला धार होती.

म्हणजे सगळं नियमात बसलं होतं. ज्याच्या हाताची खूण, त्याचं नाव. तिला कुणी फसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

पुढचा नियम दोन दिवसांनी समजला. खोक्यात जाणारा प्रत्येक माल फोटोशी जुळायला हवा. धाकटीचं बोट दुखत होतं, आणि तसंही रोज एवढं शिवायला तिला कुठे जमणार होतं. दिराने तो चौथा फोटो मोठा करून थोरलीच्या समोर भिंतीवर लावला. पहिलं जाडं, दुसरं रोडकं, तिसऱ्यात झटका, चौथं खाली. सुरुवातीला तिच्या नाकी नऊ आले. एका झटक्याची नक्कल करायला तिला सरळ नावाच्या दुप्पट वेळ लागायचा. मग जमलं. मग इतकं जमलं की भिंतीकडे बघावंच लागेना. गिऱ्हाइकं लिहायला लागली की या वाकड्या अक्षरांत किती माया आहे, कुणीतरी हाताने शिवलेलं आहे हे लगेच कळतं. धाकटी ते वाचून दाखवायची. एका गिऱ्हाइकाने 'ताई' असं लिहिलं होतं. ते धाकटीला होतं.

चोरट्यांचा माल पानावरून हटला. मागणी वाढली. थोरल्याने नवा तागा आणला.

एका दुपारी, कुणाशी भांडण न होता, थोरलीने एक जोडी सरळ शिवली. चार अक्षरं, एका उंचीची. रेडिओ चालू होता, धाकटी बोलत होती, काही अडलं नाही. तिने आतली बाजू पाहिली, जोडी खोक्यात ठेवली आणि वर पातळ कागद पसरला.

गिऱ्हाईक चौकस निघालं. त्याने फोटोशी ताडून पाहिलं आणि बाजाराला विचारलं की हा माल अस्सल आहे का. बाजाराने मालकाला विचारलं. दीर बाहेर गेला होता. फोन धाकटीकडे होता.

थोरलीला हे समजलं ते संध्याकाळी. धाकटीने स्वतःच सांगितलं, खोकी चिकटवता चिकटवता. आज एक नकली जोडी सापडली, म्हणाली, मी लगेच कळवून टाकलं.

"माझी होती ती," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात चिकटपट्टीवर थांबला. तिने वर पाहिलं नाही. "मला कसं कळणार ताई? फोटोशी जुळत नव्हती."

"माझा टाका तू ओळखत नाहीस?"

धाकटीने पट्टी कापली, खोक्यावर दाबली, दोन्ही कडांवरून नख फिरवलं. "ओळखला," ती म्हणाली. "पण त्यांनी ते विचारलं नव्हतं."

फोटो शेवटचा. हा गिऱ्हाइकाने काढलेला, कारण नकली माल वापरात राहू नये म्हणून तो नष्ट करून पुरावा पाठवायचा असतो. फरशीवर दोन्ही चपला, कात्रीने आडव्या कापलेल्या. एका तुकड्यावर दोन अक्षरं, दुसऱ्यावर दोन. कापून दूर पडलेली, तरी एका ओळीत.

दिराने तो थोरलीला दाखवला. रागावला नाही. फक्त म्हणाला की वहिनी, असं परत नको, आपलीच नोंदणी धोक्यात येते. तिने मान हलवली, सुई घेतली आणि पहिलं अक्षर जाडं शिवलं.

अशा चपलांची अगदी पहिली जोडी थोरलीने धाकटीसाठी शिवली होती; धाकटी तेव्हा घरात नवी होती आणि फरशी गार होती.