बारा मेंढ्यांच्या बरगड्या

एका दुपारी मी बारा मेंढ्या गुबगुबीत केल्या. चारा नाही, पेंड नाही, नुसत्या पेन्सिलीने. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता हे आता सांगायलाही लाज वाटते. पण सांगते.

सोलापुरात आमचा फोटोचा स्टुडिओ. पाटीवर ह्यांचं नाव, मल्लप्पा असं, मोठ्या अक्षरांत. तोंडाने मी ते घेत नाही, लिहायला हरकत नाही. माझं नाव दाक्षायणी, ते पाटीवर कुठेच नाही. पण गिऱ्हाईक फोटोतल्या ज्या तोंडाकडे बघून खूश होऊन घरी जातं, ते तोंड मी केलेलं असतं. हे काचेवर फोटो घेतात, ती काच माझ्याकडे येते, आणि मी खिडकीशी बसून तिच्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरते. काचेवर सगळं उलटं असतं, सावली फिकट आणि उजेड काळा. म्हणून जिथे पेन्सिल लागते तिथे कागदावर उजळ उमटतं. गालांचे खड्डे भरतात, देवीचे वण बुजतात. ह्याला रिटचिंग म्हणतात. सोलापुरातल्या कितीतरी सोयरिकी माझ्या पेन्सिलीने जुळवल्या असतील, पुढे त्यांचं काय झालं ते मला विचारू नका.

एकोणतीस सालच्या माघात पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं. दक्षिणेकडच्या एका तालुक्यात धनगरांची वस्ती होती. तालुक्याचं नाव सांगत नाही, तिथले साहेब अजून नोकरीत आहेत. वस्तीची विहीर आटली होती. ती सरकारने खोल खणून द्यावी असा लोकांनी अर्ज केला होता, आणि साहेब म्हणत होते की विहिरीला पाणी आहे. चैत्रापर्यंत काम झालं नाही तर मेंढरं विकून सगळी वस्ती उठणार होती. संपादकांनी लिहिलं होतं, फोटो पाठवा, आम्ही छापतो.

हे हरखून गेले. नाव छापून येणार म्हटल्यावर दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. आधी रेल्वे, मग बैलगाडी, असं करून हे वस्तीवर पोचले आणि स्टुडिओतल्यासारखंच म्हणाले, "उद्या सकाळी फोटो. तयार राहा." मग काय होणार? सगळी वस्ती तयार होऊन बसली. पुरुषांनी लग्नातले पटके बाहेर काढले. मायाक्का नावाच्या बाईने जावेचं हिरवं लुगडं मागून आणलं, अंगावर जेवढी मावेल तेवढी चांदी चढवली. मेंढ्यांची लोकरसुद्धा कुणीतरी झाडून पुसून नीट केली होती. ह्यांनी उंच माणसं मागे, पोरं पुढे, बाजूला मेंढ्या, अशा ओळी लावल्या. विहीर सगळ्यांच्या पाठीमागे गेली. ती पडद्याआड गेल्यासारखी लपली हे ह्यांच्या ध्यानातही आलं नाही.

काच माझ्याकडे आली. मी बघितलं तर माणसांची तोंडं ओढलेली, आणि मेंढ्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. एवढ्या नटून बसलेल्या माणसांचा असा फोटो छापायचा म्हणजे त्यांचा अपमानच, असं मला वाटलं. मी गाल भरले. मग मेंढ्यांकडे वळले. बरगड्यांमधल्या सावल्या एकेक करून बुजवल्या. संध्याकाळी हे म्हणाले, "हात आहे की काय आहे तुझा!" मी फुगले.

तीन आठवड्यांनी संपादकांचं दुसरं पत्र आलं. ते मला अजून पाठ आहे.

"रा. रा. मल्लप्पा यांस. मी परगावी असता आपला फोटो माझ्या मदतनिसाने छापून टाकला. आम्ही दुष्काळ मागितला होता, आपण वऱ्हाड पाठवलंत. ज्या विहिरीची बातमी, ती विहीरच फोटोत नाही. सगळी माणसं आपल्याकडे का बघत आहेत? आपण तिथे नाहीच असं समजून त्यांना त्यांचं काम करू द्यावं. आमच्या कागदावर छापताना करड्याचं काळं होतं, म्हणून तोंडावर उजेड असावा. खाली माणसाचं खरं नाव लिहावं. आणि मेंढ्यांवर पेन्सिल कोणी चालवली?"

हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही भांडी जरा जास्तच आपटली. वर्तमानपत्रवाल्यांना फोटोतलं काय कळतं, असं मी स्वतःशी चार वेळा म्हणून घेतलं.

त्याच आठवड्यात मायाप्पा स्टुडिओत आला. वस्तीचा म्होरक्या, वाळलेला, उंच माणूस. बसा म्हटलं तरी खुर्चीवर बसला नाही. घोंगडीच्या घडीतून त्याने अर्जावरचा साहेबांचा शेरा काढला, त्याला साप्ताहिकातला आमचा फोटो कातरून टाचलेला. ह्यांनी शेरा वाचला. "माणसे अंगावर चांदी घालून आहेत. जनावरे धष्टपुष्ट आहेत. विहिरीची निकड दिसत नाही."

"फोटू झ्याक हाय मालक," मायाप्पा म्हणाला. "आमाला येवडं देखनं कुनी केलं न्हवतं. पर त्येच्यापायी हीर गेली की."

"छापताना काहीतरी..." हे पुटपुटले.

मी आतून बाहेर आले. "छापताना नाही. मेंढ्या मी जाड केल्या."

मायाप्पाने माझ्याकडे बघितलं. "तुमी केल्या व्हय? मग आमच्या खऱ्या मेंढरास्नीबी करा की बाई."

तो हसला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. पुनवेनंतर मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते आणि अर्ज त्यांच्यापुढे जाणार होता, ही शेवटची आशा, एवढं सांगून तो चालता झाला. मी ह्यांना म्हटलं, "तोपर्यंत दुसरा फोटो छापून यायला पाहिजे. ह्या वेळी मी येणार."

वस्तीवर पोचलो तेव्हा कुणी पटका बांधला नाही. पहिल्यासारखं कुणी सामोरंही आलं नाही. मायाक्का तेवढी उठली आणि जावेच्या झोपडीकडे निघाली. मी विचारलं, "कुठे निघालात?"

"लुगडं आनाय."

"नको. आहात तशाच राहा."

तिने स्वतःकडे बघितलं. नेसूचं लुगडं खांद्यावर फाटलं होतं, दोन ठिकाणी गाठी मारलेल्या. "ह्या आसल्यात? माजी लेक नातेपुत्याला नांदती. तितं कुनी बगितलं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पेन्सिलीने मी तेच करत आले होते. "बघतील," मी म्हटलं. "पुण्यापासून सगळे बघतील. तुमचं नावही छापतील."

"मग पानी मिळंल?"

"ते मला सांगता येत नाही."

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिली. मग घागर आणि नरोटी घेऊन विहिरीकडे चालायला लागली. आम्ही मागून गेलो.

विहीर रुंद होती, आत उतरायला पायऱ्या होत्या. तळाला एका खडकाशी झरा पाझरत होता. नारळाच्या नरोटीने पाणी खरवडून घागरीत टाकायचं, मग पुन्हा साठेपर्यंत बसायचं. एक घागर भरायला अर्धी सकाळ जाई. ह्यांनी मधल्या पायरीवर कॅमेऱ्याची तिकाटणी रोवली आणि डोक्यावर काळं कापड घेतलं. आत सगळा काळोख. ह्यांनी मान बाहेर काढून आभाळाकडे बघितलं. ऊन तळापर्यंत येतं ते फक्त माथ्यावर सूर्य असताना, तेही एका कडेला, पाव तासभर. आम्ही बसून राहिलो. गिऱ्हाइकाला स्टुडिओत दोन मिनिटं थांबवताना कुरकुरणारे हे, दोन तास गप्प बसून होते. मला त्यांचं कौतुक वाटलं.

ऊन खडकावर आलं. मायाक्का वाकली. आणि ह्यांनी, वीस वर्षांच्या सवयीने, मोठ्यांदा म्हटलं, "रेडी!"

तिने दचकून वर बघितलं, पदर सावरला, हात मांडीवर ठेवून ताठ बसली. ती काच वाया गेली. आमच्याकडे आता एकच काच उरली होती. मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. ह्यांनी दुसरी काच घातली, ओठ घट्ट मिटले आणि उभे राहिले. मायाक्का थोडा वेळ आमच्याकडे बघत होती. मग कंटाळली, आम्हाला विसरली आणि नरोटी घेऊन पुन्हा वाकली. ह्यांनी हूं का चूं केलं नाही.

घरी काच धुऊन वाळवून माझ्यापुढे ठेवली तेव्हा मी बराच वेळ हात लावला नाही. सगळं त्यात होतं. खडक, ओंजळभर पाणी, उन्हात आलेलं तिचं ओढलेलं तोंड, समोरच्या काठावरून खाली बघणाऱ्या मेंढ्या. आणि खांद्यावरचं फाटलेलं लुगडं, त्यातून दिसणारी पाठ. बाईमाणसाची उघडी पाठ पुण्यापर्यंत जाणार होती. चार रेघा मारल्या असत्या तर लुगडं सांधलं गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. मी पेन्सिलीला टोक केलं. हे दारात उभे होते. म्हणाले, "तुझं तू ठरव."

मला रडू आलं. एका फाटक्या खांद्याने विहीर मिळेल की नाही मला ठाऊक नव्हतं. पण चांगल्या मनाने मारलेल्या रेघांनीही विहीर बुजते, हे मायाप्पाच्या हातातल्या कागदाने मला शिकवलं होतं. मी काच तशीच फडक्यात गुंडाळून ह्यांच्या हातात दिली.

फोटो पहिल्या पानावर आला. खाली मायाक्काचं नाव होतं, वस्तीचं नाव होतं, तारीख होती. मोठे साहेब दौऱ्यावर आले ते स्वतः पायऱ्या उतरून तळाशी गेले. चैत्रात सुरुंग लागले. आणखी बारा हात खाली पाणी लागलं.

ज्येष्ठात आम्ही दोघं वस्तीवर गेलो. फोटोची एक मोठी प्रत काढून, कार्डावर चिकटवून मायाक्कासाठी नेली होती. आमचा उत्साह विचारू नका. मेंढरं माळावर होती, वस्ती जागच्या जागी होती. मायाक्काने हात पुसले, प्रत घेतली आणि बराच वेळ बघितली.

"ह्यो कागद नातेपुत्याला गेल्ता," ती म्हणाली. "तितल्या मास्तरानं वाचून दावला. लेकीच्या सासूनं लेकीला इचारलं, ही तुजी आई न्हवं का गं?"

"मग?"

"लेक म्हनली, न्हवं. ह्या नावाच्या बाया लई हायत, म्हनली."

हे खाली बघायला लागले.

"शानी हाय पोर," मायाक्का म्हणाली. "तिला तितं नांदायचं हाय." प्रत तिने माझ्या हातात परत दिली. "ह्यो तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या बाई. हितं नको. बसा, पानी आनते."

तिने विहिरीवरून ताजी घागर आणली आणि तांब्या भरून माझ्यापुढे धरला. कुणाच्याही हातचं पाणी घ्यायची आमच्या घरात रीत नाही, आणि हे तिलाही माहीत होतं. मी दोन तांबे प्याले.