भाऊ म्हटल्यावर

निळं अंतर्देशीय पत्र, घडीवर रंग उडालेलं, शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराला चिकटून... वर्गात बसल्यावरही राधाकृष्णाला ते छातीशी टोचत होतं. महिना होत आला, उत्तर गेलं नव्हतं. मिरजगावहून थोरल्या भावानं, भिमाजीनं लिहिलं होतं — पुढच्या महिन्यात, एक तारखेला, पुण्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी एवढंच कळव, माझ्यावरचा राग गेला का?

एक तारीख सोमवारी होती. आज शुक्रवार.

आई गेली तेव्हा भिमाजीनं तार केली ती अग्नी दिल्यावर. मग राग असणारच. पण आहे का? स्वतःचं मन कळेना म्हणून पेन्शनीत निघाल्यावर माणसानं दुपारच्या मानसशास्त्राच्या वर्गात नाव घालावं — लोक हसतील, हसू देत.

आज शब्दसाहचर्याचा प्रयोग होता. समोरच्यानं शब्द म्हणायचा, मनात येईल तो पहिला शब्द आपण सांगायचा. सरांनी यादीची झेरॉक्स आधीच दिली होती आणि राधाकृष्णानं शब्दकोश उघडून उत्तरं पाठ केली होती. पाणी — जल. रात्र — निशा. जोडीदार मालनबाई, भिंगारच्या दवाखान्यातल्या नर्स, स्टॉपवॉच धरून ऐकत होत्या; मग त्यांना हसू आवरेना.

"काका, पाठ करून आलात व्हय? मन काय परीक्षेला बसवायचं असतं का?"

त्याचे कान तापले. त्यांनी यादी उलटी ठेवली आणि मनानेच शब्द घेतला.

"भाऊ."

घड्याळ चालू... वैर म्हणावं? रक्त? पुस्तकातलं काहीच येईना. मी कुठे पाहतोय... मालनबाईंचा अंगठा बटणावर, आणि मी पुढच्या दांडीवर बसलेला, मागून भिमाजीचा धापा टाकणारा श्वास मानेवर, शाळेची घंटा होऊन गेलेली...

"सायकल," तो म्हणाला.

मालनबाईंनी वेळ लिहून घेतली. हसल्या नाहीत.

वर्ग सुटल्यावर त्यानं कोपऱ्यावरच्या पोस्टात अंतर्देशीय घेतलं. राग गेला का — माहीत नाही, असंच लिहिलं. खाली, सायकल आठवली. मी पुण्याला येतो.

पत्र पेटीत पडलं. मग त्यानं पाटी वाचली — आजची शेवटची डाक निघून गेली होती. म्हणजे उद्या निघणार, आणि रविवार मध्ये... वेळेत पोचेल? तारेचा कोरा कागद पुढ्यात घेऊन भिमाजीसुद्धा, आई गेली त्या दिवशी, असाच... काय लिहावं ते सुचेना म्हणून...?

पेटीच्या फटीत त्याची बोटं अजून तशीच होती.