बटनाचा चंद्र

लीलाबाई गेल्याची बातमी त्यांच्या लेकीला, वर्षालीला, सगळ्यांच्या शेवटी कळली. अकोल्याच्या दवाखान्यातून तिचे वडील पुंजाजी फोन लावत होते आणि ती अमरावतीला, विद्यापीठाच्या तारांगणात, अंधारात उभी राहून लोकांना तारे दाखवत होती. शो चालू असताना फोन बंद ठेवावा लागतो. बाहेर येऊन तिने फोन चालू केला, तोवर बार्शीटाकळीच्या घरी माणसं जमायला लागली होती.

तेरवी झाली तरी पोरगी परत जाईना. आई जात होती आणि मी लोकांना शनीची कडी दाखवत होती, आता त्या अंधारात माझ्याच्यानं उभं राहवत नाही, एवढंच म्हणे. तारांगणाच्या साहेबांचे फोन उचलेना. घरी भाकरी टाकायची, म्हशीचं पाहायची. पुंजाजींना आयतं ताट मिळत होतं, पण घास उतरत नव्हता. पोर चुलीपाशीच बसायची होती, तर लीलाबाईंनी दुसऱ्याच्या वावरात निंदण करून तिला शिकवलं कशाला?

शेवटी एका सकाळी त्यांनी सांगून टाकलं.

“मी पयलेच फोन लावत होतो, तं तुह्या मायनंच हात धरला. म्हने, आत्ता नोका लावू, पोरगी बोलून राहिली असन.”

त्याच दिवशी वर्षालीनं साहेबांना फोन लावला, आणि दोन दिवसांनी बापलेक अमरावतीच्या एसटीत बसले.

शो वलगावच्या बायकांसाठी होता. बचत गटाच्या साऱ्या जणी गाडी करून आल्या होत्या. पुंजाजी पहिल्यांदाच आत गेले. खुर्ची मागं कलली तसे दचकले, मग धोतर सावरून नीट टेकले. दिवे विझले. घुमटावर तारे उगवले. वर्षालीने पुस्तकी मराठीत दोन वाक्यं म्हटली आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. पुंजाजींनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पोरगी आता माइक ठेवून बाहेर जाते, असंच त्यांना वाटलं.

तेवढ्यात घुमटाच्या कडेला चंद्र वर आला. त्या दिवशी संकष्टी होती आणि निम्म्या बायकांना उपास. एक म्हातारी उठून उभी राहिली, हात जोडले. तिचं पाहून दुसरी उठली, तिसरी उठली. अंधारात बांगड्या वाजल्या.

“सुटला व बाई उपास,” म्हातारी म्हणाली.

“वा व बुढे,” मागून कोणी तरी बोललं, “भूक लागली म्हून भरदुपारीच चंद्र काढतं काय?”

सगळीकडे हसू फुटलं. आणि माइकमधूनही हसू आलं. लीलाबाई गेल्यापासून पुंजाजींनी ते पहिल्यांदा ऐकलं.

“काकू, हा चंद्र बटनाचा आहे,” वर्षाली म्हणाली. “याच्यावर उपास सोडसान तं गनपती मलेच धरन. खरा राती निंगते. तोवर बसा, तो रोज उशिरा काहून निंगते ते सांगतो.”

मग तिनं सांगितलं. पुस्तकातलं नाही, घरी ओट्यावर बसून बोलावं तसं. म्हातारी मधेच विचारायची, ती उत्तर द्यायची. शनी आला, त्याची कडी आली, पण ती थांबली नाही.

बाहेर आल्यावर बायकांनी तिला घेरलं. म्हातारीनं पुंजाजींना विचारलं, ही तुमची कोन व्हय?

“पोरगी माही,” पुंजाजी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की फाटकाजवळचे ऑटोवाले वळून पाहू लागले.

चार वाजता दुसरा शो होता. वर्षाली म्हणाली, बाबा, तुमी निंगा, गाडी चुकन. पुंजाजी निघाले नाहीत. पुन्हा आत जाऊन त्याच खुर्चीत बसले, या वेळी लीलाबाईंच्या वाटचं पाहायला.

लीलाबाईंना दर वेळी काही ना काही आडवं यायचं. कधी वेचणी, कधी कोणाचं लग्न, कधी म्हैस व्यायला आलेली. लेकीचा शो त्यांचा पाहायचा राहून गेला.