ब्रॅनॉकची बॅट

तोलेडोला बेसबॉलच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात गॅरेट हाऊकच्या टेबलाशी लॉरेन पावलिक आली ती तणतणतच. कापडात गुंडाळलेली बॅट तिने त्याच्या भिंगाशेजारी आदळली आणि कापड सोडलं.

"माझ्या नवऱ्याला खोटारडा ठरवणारा तूच ना?"

हाऊकने मान वर केली. सामन्यात खरोखर वापरलेली वस्तू कोणती आणि बनावट कोणती, हे तो जुन्या फोटोंवरून ठरवी, आणि संग्राहक त्याचा शब्द प्रमाण मानत.

"बाई, बॅट त्या सामन्यातली नाही, एवढंच मी मासिकात लिहिलं."

"लिओने एकतीस वर्षं संघाचं सामान सांभाळलं. एकसष्ट सालच्या शेवटच्या सामन्यात ब्रॅनॉकने चेंडू कुंपणापार धाडला आणि नंतर हीच बॅट लिओच्या हातात दिली. तसं लिहून, सही करून ठेवलंय त्याने."

"सामानवाल्यांकडे अशी एकेक बॅट असतेच हो," शेजारच्या टेबलावरचा लठ्ठ माणूस म्हणाला आणि खुदकन हसला.

लॉरेनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लिओ जाऊन तीन वर्षं झाली होती. मासिक आल्यापासून चर्चमधली माणसं त्याचं नाव काढताना एकमेकांना डोळा मारत. तिला तेच सलत होतं.

हाऊकने त्या सामन्याचा फोटो पुढे सरकवला. फोटोत छातीपासून कमरेपर्यंतचा ब्रॅनॉक होता, अंगात नाव-नंबर नसलेला शर्ट आणि त्याच्या हातात उभी धरलेली बॅट. "लाकडाच्या रेषा म्हणजे बोटांचे ठसे. या तीन गाठी बघा. फोटोत डावीकडे कललेल्या, तुमच्या बॅटवर उजवीकडे. लाकूड सारखं, बॅट वेगळी. आता माझा वेळ घेऊ नका."

लॉरेन गाठी बघतच नव्हती. तिची नजर शर्टावर खिळली होती.

"ही बटणं कुणी लावली ठाऊक आहे? मी. वीस वर्षं सगळ्या संघाचे शर्ट शिवले. पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. इथे उजवी वर आलीय. ब्रॅनॉकला काय बायकी झंपर घातला होता मी?"

लठ्ठ माणसाचं हसू विरलं.

हाऊकने फोटो ओढून घेतला, उलटा केला आणि मागून दिव्यासमोर धरला. फोटो छापतानाच आरशातल्यासारखा उलटा पडला होता. मागून पाहताना तिन्ही गाठी उजवीकडे कलल्या, बॅटवर होत्या तशाच. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी... नवा अहवाल देतो."

"नवा नको. जुना चुकला असं लिही. इथेच."

"बाई, मग माझ्या बाकीच्या कामावर कोण विश्वास ठेवेल?"

"तो तुझा प्रश्न."

त्याने चार ओळी खरडल्या. तिने वाचल्या आणि कागद परत सरकवला.

"यात लिओ कुठंय?"

दात आवळून त्याने पाचवी ओळ लिहिली: लिओ पावलिक यांनी लिहिलेलं खरं आहे. मग बॅटकडे हात नेत म्हणाला, "एकदा नीट बघू द्या ना."

"हात मागे घे," ती म्हणाली आणि बॅट कापडात गुंडाळू लागली.