फिरणाऱ्यांची मोजणी

ज्या शहरात गरिबाला झाडाची सावली मिळत नाही, त्या शहराला छाती आहे पण श्वास नाही. हे वाक्य मी हरित समितीच्या अहवालात लिहिलं, त्याच आठवड्यात दारातला कडुलिंब गाडी उभी करायला जागा हवी म्हणून तोडला.

समितीच्या हातात बाग एकच होती आणि जागा दोन. एक आमच्या लालबाग कॉलनीतली, माझ्या घरासमोरची. दुसरी पॉवरलूमच्या वस्तीमागचं पटांगण. वस्तीत कापसाची धूळ जेवणातही येते आणि खोकला घरटी एक तरी असतोच. गरज कुठे आहे ते उघड होतं, पण मोजायची कशी? मी निवृत्त गणिताचा मास्तर, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "सकाळी सहा ते सात फिरायला निघणारे मोजू. जिथे जास्त, तिथे बाग."

लालबागेत एकशे बारा भरले, त्यात मी दोनदा. वस्तीत शून्य. सहाला तिथे पाळी बदलते. निम्मे झोपायला जातात, निम्मे मागावर. हे मला ठाऊक होतं. तिथलीच पोरं मी बावीस वर्षं शिकवली होती.

बाग झाली. सकाळी नऊनंतर संध्याकाळपर्यंत कुलूप, आणि चावी माझ्याकडे.

बाग झाडायला गोदाबाई येते, त्याच वस्तीतून. काल नऊ वाजता कुलूप घेऊन गेलो, तर तिचा नवरा कौतिक फाटक धरून उभा. तीस वर्षं माग चालवलेला माणूस, आता चार पावलांत दम लागतो.

"डॉक्टर बोलला, रोज घंटाभर झाडाखाली बसव," गोदाबाई म्हणाली. "रिक्षानं आणलं. तुमची वेळ खतम झाली का?"

"समितीची."

"तेच ते."

मी दोघांना आत घेतलं. झाडाखालच्या बाकावर सावलीत आधी मीच बसलो. म्हणालो, "गोदाबाई, ही बाग तुमच्याकडे व्हायची होती. मोजणीची वेळ मी ठरवली. जाणूनबुजून."

"मालूम आहे. मोजणीवाली बाई मलाच विचारत होती, इथे कोणी फिरत नाही का. मी बोलले, फिरतात ना, मागाभोवती."

मला राहवेना. "मी राजीनामा देतो. नवा अहवाल लिहितो. दुपारी पुन्हा मोजणी लावतो. या कौतिकच्या छातीची शपथ..."

कौतिक बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकून ऐकत होता. त्याने आधी दम गोळा केला.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा सरकता का? इकडं ऊन लागून राहिलं."